तिरक्या दातांची पट्टी

बाबांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि बाबांना ते माहीत नव्हतं. ते दुकानाच्या काउंटरपलीकडच्या दातेकाकांशी बोलत होते, भिंतीच्या वजनाबद्दल, मोटरच्या ताकदीबद्दल, आणि बोलता बोलता डावा अंगठा समोरच्या पोलादी पट्टीच्या दातांवरून फिरवत होते. नेहमी फिरवतात तसाच, प्रत्येक दाताच्या पोटात जरासा थांबून, मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतक्या मायेनं. कुठल्यातरी दाताच्या कडेला कापताना बारीक धार राहून गेली असणार. पट्टीवर आधी एक लाल ठिपका उमटला, मग पुढच्या दातावर दुसरा, मग एक पुसट रेघ. आणि बाबा म्हणाले, "माल चांगलाय रे. गुळगुळीत लागतोय हाताला."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. हे माझ्याकडून हल्ली होत नाही. हल्ली माझं तोंड उघडलं की उघडलंच. आई म्हणते, हिला कंठ उशिरा फुटला, पण फुटला तो धरण फुटावं तसा. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गातली ती मुलगी होते, जिला उत्तर येत असतं पण जी बाकाखालच्या पट्टीशी चाळा करत बसते. बाईंनी नाव घेतलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. यंदा मात्र मी वादविवादात बोलले, प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर बोलले, कँटीनवाल्याशी त्याच्या चहाच्या रंगावरून बोलले, आणि मध्यंतरी तर मुख्याध्यापकांना म्हणाले की सर, तुमचं म्हणणं मला पटलं, पण थोडंसंच. वर्ग आठवडाभर त्यावर जगला. ही अशी मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या बापाच्या बोटातून रक्त गळत होतं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. कारण मला त्या रक्तापेक्षा भयंकर काहीतरी दिसलं होतं. बाबा हसत होते. ज्याला कापलंय तो माणूस असा, इतका निवांत, हसत नाही.

दातेकाका आतल्या खोलीत गेले. दाते हे त्यांचं आडनाव नाही, तो त्यांचा धंदा आहे. दातांची चाकं, दातांच्या पट्ट्या, छताला टांगलेले दात, फळ्यांवर तेलकट कागदात गुंडाळलेले दात, आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात समोरचे दोन नाहीत. मी लहान असताना त्यांना विचारलं होतं म्हणे, की इतके दात आहेत तर त्यातले दोन बसवून का घेत नाही. ते हे अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. ते आत गेल्यावर मी खिशातला रुमाल काढला आणि बाबांचा हात काउंटरच्या खाली ओढून घेतला. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. बसमध्ये शेजारच्याची पिशवी फाटलेली दिसावी आणि आपण त्याला सांगावं की न सांगावं अशा विचारात पडावं, तसं त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग एकदम मूठ मिटली. आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. अगदी जराशी. सांगू नकोस.

मग मी पट्टीवरचं रक्त पुसलं. तिरक्या दातांच्या खोबणीतून रुमालाचं टोक नेताना मला वाटत होतं की मी कोणाचंतरी तोंड धुतेय. आणि तेवढ्यात, त्या पुसण्याच्या लयीतच, गेले कित्येक महिने माझ्या डोक्यात उलटे उभे राहू लागले. बाबांना शुगर आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, ती काही बातमी नाही. आई रोज संध्याकाळी त्यांचे तळपाय बघते, टाचेखाली आरसा धरून बघते, कुठे काही टोचलं-बिचलं तर नाही ना. मला ते पायांचं प्रकरण वाटायचं. एकदा बाबा बाजारातून एकाच पायात चप्पल घालून आले होते. दुसरी वाटेत कुठे निघून पडली ते त्यांना कळलं नव्हतं, आणि आम्ही तिघं इतके हसलो होतो की आईला ठसका लागला. आता आठवलं, आई हसता हसता मध्येच थांबली होती. पाणी प्यायला म्हणून आत गेली होती. आणि चहा. बाबा उकळत्या चहाचा पेला हल्ली खालून धरतात, सरळ, जिथे तो सगळ्यात जास्त पोळतो तिथे, आणि मी मैत्रिणींना फुशारकीनं सांगत असते की आमच्या बाबांची कातडी गेंड्याची आहे. आणि बटणं. सकाळी आई बाबांच्या शर्टाची बटणं लावते. वरपासून खालपर्यंत, एक एक. हे गेल्या काही महिन्यांतलं. मला वाटलं, या वयात यांचं हे काय नवीन, आणि मी लाजून दुसरीकडे बघायचे, दप्तरात उगीच काहीतरी शोधायचे. प्रेम होतंच ते. पण मला वाटलं त्या जातीचं नव्हतं.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. खरा काटा पुढे होता. शाळेत सगळ्यांना वाटतं की मी वादविवादामुळे धीट झाले, मराठीच्या बाईंना वाटतं त्यांच्यामुळे झाले. मला माहीत आहे सुरुवात कुठे झाली. बाबांच्या वर्कशॉपमध्ये, पत्र्याच्या शेडखाली, जिथे तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असतो आणि जिथे मी गृहपाठ करायला बसायचे कारण घरी मन लागत नाही. एका दुपारी बाबांनी हाक मारली, "ठमे, इकडे ये. हे चाक फिरवून बघ. कुठे अडतंय का?" मला त्यांनी यापूर्वी कधी काही विचारलं नव्हतं. ते सांगायचे, हात लावू नको, डोळ्यांवर चष्मा चढव, लांब हो. मी चाक फिरवलं. मी म्हणाले, "अडत नाही. पण एका जागी श्वास घेतंय." बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी भिंग घेतलं, आणि बरोबर त्याच जागी एका दाताला तांदळाच्या कणीएवढा पोचा होता. त्या दिवसापासून ते मला बोलावू लागले. हे धर, काय वाटतं? हे दोन चाकांतलं अंतर जास्त आहे की कमी? आणि मी सांगायचे, आणि ते बरोबर यायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी प्रश्न विचारला आणि माझा हात आपोआप वर गेला, जणू तो हात कालपासून कोणीतरी खास झाला होता. माझी सगळी हिंमत, मुख्याध्यापकांना थोडंसंच पटलं म्हणण्यापर्यंतची, त्या एका दुपारवर उभी आहे. बाबांसारखा माणूस, ज्याच्या अंगठ्याला अख्खी पेठ मानते, तो मला विचारतो. आणि आता, हातात लाल झालेला रुमाल घेऊन, मला कळत होतं की ते मला विचारतच नव्हते. त्यांना लागत नव्हतं म्हणून ते माझी बोटं वापरत होते. नाकावर चष्मा चढवावा तसं त्यांनी मला चढवलं होतं. चष्म्याला चांगलं दिसतं म्हणून चष्म्यानं मिरवायचं असतं का? मला रडू येईल असं वाटलं, आणि ज्याच्या बोटांतली जाणीव गेली आहे त्याच्यासाठी नाही तर माझ्यासाठी येईल असं वाटलं, याची मला त्याहून जास्त लाज वाटली.

दातेकाका आणखी एक जुडी खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि त्यांनी ती काउंटरवर आदळली. "घे. दोन कारखान्यांचा माल आहे, दोन्ही तिरक्या दाताचे, दोन्ही कडक केलेले. पण माझं ऐकशील तर सरळ दाताची ने की. बसवायला सोपी, बिघडायला अवघड. जन्मभर जाईल."

"सरळ दात आदळतो रे," बाबा म्हणाले. मूठ मिटलेलीच होती, खिशात. "टक, टक, टक. तिकडे पोरं गात असणार."

"मग नायलॉनची. मांजरासारखी चालते."

"भिंत आहे ती, खेळण्यातली आगगाडी नाही. वर्षात दात खाऊन टाकेल. शिवाय त्या हॉलला पश्चिमेला एवढाल्या काचा आहेत. नायलॉन तापलं की लांबतं, मग कुठे जाशील?"

"तिरके दात बाजूला रेटतात, माहितीये ना?"

"रेटू दे. त्याची सोय केलीये मोटरपाशी."

"याला काही सांगायची सोय नाही," दातेकाका मला म्हणाले. "वकीलसाहेब, आज गप्पसे?"

भिंतीची गोष्ट अशी. गावाबाहेरच्या संगीतशाळेत दोन हॉल आहेत आणि मधली भिंत सरकणारी आहे. तिथल्या बाई, ज्या बोलतातसुद्धा सुरात, त्या बाबांना म्हणाल्या होत्या, "वर्षाच्या शेवटी कार्यक्रम असतो. पुढच्या हॉलमध्ये मोठी मुलं व्हायोलिन वाजवत असतील, अगदी हळू. ते चालू असतानाच भिंत सरकली पाहिजे, आणि मागे उभी असलेली लहान मुलं गायला लागतील. भिंत सरकतेय हे कोणाला कळता कामा नये. आवाज कसा काय भरला, एवढंच कळलं पाहिजे." बाबा त्या दिवशी घरी आले ते हातात काही न घेता, पिशवीसुद्धा तिथेच विसरून. जेवताना म्हणाले, असं काम आयुष्यात एकदा येतं. भिंतीच्या पायथ्याशी ही दातेरी पट्टी बसवायची, मोटरच्या टोकाला छोटं दातेरी चाक, पिनियन म्हणतात त्याला, ते पट्टीवर फिरलं की अख्खी भिंत चालू लागते. सगळा आवाज तिथेच, दात दाताला भेटतो तिथे. सरळ दात म्हणजे दार ढकलून धाडकन आत येणारा पाहुणा. तिरका दात उशिरा आलेल्या समजूतदार माणसासारखा, आधी खांदा, मग हात, मग पाय, आणि बसला कधी ते शेजारच्यालाही कळत नाही. हे बाबांचं वाक्य नाही, माझं आहे, पण बाबांनी ते बाईंना ऐकवलं होतं, आमची मुलगी म्हणते असं म्हणून. तेव्हा मी हवेत होते.

बाबांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं पिनियन काढलं. हे तर ते दरवेळी करतात आणि दरवेळी दुकानातली चार माणसं हातातलं काम सोडून बघतात. आज गिऱ्हाईक कोणी नव्हतं, नुसते दातेकाका. बाबांनी डोळे मिटले, पिनियन पहिल्या पट्टीवर ठेवलं आणि तळव्याखाली ते पुढे-मागे फिरवलं. मग दुसऱ्या पट्टीवर. दातेकाका काउंटरवर कोपरं टेकून माझ्याकडे बघून भुवया उडवत होते, बघ बघ, तुझा बाप कसा नाडी बघतोय. "पेठेत यंत्रं खूप आलीत मापं घ्यायची," ते हळूच म्हणाले, "पण मी लोकांना सांगतो, त्याचा अंगठा विचारा." आणि हे ते खरंच सांगतात. बाबांकडे येणारी निम्मी कामं या काउंटरवरून येतात. म्हणजे या काउंटरवर जे कळेल ते संध्याकाळपर्यंत प्रत्येक वर्कशॉपला कळेल, हेही आलंच. मी बाबांचा चेहरा बघत होते. मिटलेल्या पापण्यांमागे ते ऐकू येत नसलेल्या माणसासारखे वाट बघत होते. काहीतरी लागेल, आता लागेल. इतक्या वर्षांत मी त्यांना अंदाज मारताना पाहिलं नव्हतं.

"ही," बाबा म्हणाले. दुसऱ्या पट्टीवर हात ठेवून.

"मी बघू?" मी म्हटलं. हे नेहमीचंच, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. पिनियन बाबांच्या हाताच्या उबेनं कोमट झालं होतं. पहिल्या पट्टीवर ते लोण्यातून जावं तसं गेलं. दुसऱ्या पट्टीवर, बाबांनी निवडलेल्या, तेही गेलं, पण प्रत्येक दात सुटताना कडेला किंचित ओरबाडत होता. नख लागावं तसं. दिसायला दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणी. पण दोन कारखाने, दोघांच्या तिरकेपणात केसाएवढा फरक, आणि बाबांचं पिनियन पहिल्या घराण्यातलं. पोटाला पोट लागण्याऐवजी दात दाताला कोपरानं भेटत होता. बाबांना हे झोपेत कळलं असतं. पूर्वी.

दातेकाकांनी टेप काढली. "कापू मग? कापलेला माल परत घेत नाही, तुला माहितीये. मित्र असलास तरी."

काउंटरवर, माझ्या कोपरापाशी, निळ्या रंगाची डबी होती. ती तिथे असतेच. पिनियनच्या दातांना तो रंग बोटभर लावायचा, पट्टीवर फिरवायचं, आणि बघायचं निळं कुठे उमटतं. दाताच्या पोटात उमटलं तर जोडी जमली. कडेला उमटलं तर नाही. शेंबड्या पोरालाही दिसेल. एक शब्द, "काका, निळा लावून बघा", आणि चूक टळली असती, भिंत वाचली असती, मी बरोबर ठरले असते. शब्द जिभेवर आला होता. गेल्या वर्षभराच्या सवयीनं तो तयारच असतो, इस्त्री करून. आणि मला दिसलं काय होईल ते. निळ्या रेघा दाताच्या कडेवर उमटतील आणि दातेकाका बाबांच्या अंगठ्याकडे बघतील, आणि काही बोलणार नाहीत. ते चांगले आहेत, म्हणूनच बोलणार नाहीत. आणि बाबा रस्ताभर हसत राहतील. वर्गात कोणाचंतरी उत्तर चुकलं की मी हल्ली पटकन बरोबर उत्तर सांगते, आणि बाई शाबास म्हणतात, आणि चुकलेली मुलगी बाकाखाली बघते. मी कधीकाळी तिथे बसत असे. बाकाखाली काय असतं ते मला पाठ आहे.

"काका, थांबा ना जरा," मी म्हटलं. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. "बाबा, ही भिंत हाताळायची नाहीये. ऐकायची आहे."

"म्हणजे?"

"संगीतशाळेच्या बाई काय म्हणाल्या? कळता कामा नये. कोणाला? कानाला ना? मग हाताला काय विचारताय, कानाला विचारा. मी फिरवते, तुम्ही ऐका."

"झालं हिचं सुरू," दातेकाका म्हणाले. "बाहेर टेंपो काय भोंगे मारतोय, त्यात हा काय ऐकणार कपाळ?"

"असं नाही. असं." आणि मी दातेकाकांच्या काउंटरवर गाल टेकून दाखवला, पट्टीच्या शेपटाशी, थंड पोलादावर, गालाचं हाड बरोबर तिच्या बाजूला लागेल असा. शाळेत बाकावर डोकं ठेवलं की बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोरणारं कर्कटकसुद्धा ऐकू येतं. ते काही विज्ञानाच्या तासाला शिकले नव्हते मी, गप्प बसण्याच्या वर्षांत शिकले होते.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं, आणि मी काय करतेय हेही. एक क्षण वाटलं, रागावतील. मग ते वाकले. गुडघ्यात जरा अडखळत, काउंटरला धरून, आणि त्यांनी डोकं पट्टीवर टेकवलं. त्यांचे केस मागे इतके विरळ झालेत हे मी कधी वरून पाहिलं नव्हतं. कानामागे शाईसारखा ग्रीसचा डाग होता, जो आईलाही दिसत नसेल. डोळे मिटले. मधल्या सुट्टीत दमून बाकावर झोपलेल्या पोरासारखे दिसत होते ते, आणि मला एकदम, कोणत्या कारणाशिवाय, त्यांना थोपटावंसं वाटलं. मी पिनियन ठेवलं आणि फिरवलं. त्यांनी निवडलेल्या पट्टीवर, आधी.

मला काही ऐकू येत नव्हतं. बाहेर टेंपो होता, शेजारी कोणीतरी पत्रा कापत होतं. पण बाबांच्या कपाळावर एक आठी उमटली. तिसऱ्या-चौथ्या दाताला. "परत," ते म्हणाले. मी परत फिरवलं. "हळू. आणखी हळू." मी हळू केलं. मग त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. हरवलेली वस्तू घरातच, भलत्याच खोलीत सापडावी, तसं काहीतरी. गालाच्या हाडातून त्यांना ते येत होतं, सगळं, अंगठ्यातून यायचं तसंच. "दुसरी," म्हणाले. त्यांनी डोकं उचललं, मी खालची पट्टी बदलली, आणि त्यांनी ते स्वतःच परत टेकवलं. मी फिरवलं. या खेपेस आठी गेली. मी थांबले तरी डोकं तसंच.

"झोपलास का रे," दातेकाका म्हणाले.

बाबा उठले. गालावर दातांचे वळ उमटले होते, तिरके, ओळीनं. "ही घे. आधीची नको. ती ओरबाडते, तिरकेपणा वेगळा आहे तिचा. आण ती निळी डबी." स्वतः म्हणाले. दातेकाकांनी रंग लावला, आधीच्या पट्टीवर फिरवलं, आणि निळं कडेवर उमटलं, मला दिसलं होतं तसंच. दातेकाका पट्टीकडे बघत होते आणि बाबा दातेकाकांकडे.

"पण आत्ता तर तू हीच म्हणालास," दातेकाका म्हणाले.

मी काहीतरी बोलणार होते. उजेड कमी होता, रुमाल मध्ये आला, काहीही. पण बाबांनी खिशातला हात बाहेर काढला आणि काउंटरवर ठेवला, उताणा, अंगठ्यावर वाळलेल्या रक्तासकट. "बोटं गेलीत माझी," ते म्हणाले. "वर्ष होत आलं. लागत नाही काही."

दातेकाकांनी त्या हाताकडे पाहिलं. मग फळीवरून कापसाचा बोळा घेतला, कसल्यातरी बाटलीत बुडवला आणि अंगठा पुसू लागले. झोंबलं असणार, पण झोंबायलाही जाणीव लागते. "माझे दात गेले, तुझी बोटं गेली," ते म्हणाले. "दोघांचा मिळून एक धड माणूस निघेल अजून. वर्षभर मग माझा माल काय डोंबल तपासत होतास?"

"ही तपासायची."

"ही होय." त्यांनी माझ्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघितलं. "तरीच म्हटलं यंदा माल एवढा नापसंत का व्हायला लागला. आधी निदान बापाला माझी कणव तरी यायची."

पट्टी कापून टेंपोनं यायची होती, म्हणून आम्ही मोकळ्या हातांनी निघालो. दातेकाका पेठेत बाकी कोणाला सांगतील का, मला माहीत नाही. बहुतेक सांगतील. बहुतेक असंही सांगतील की त्यानं गालानं पट्टी ओळखली, आणि त्यात आणखी दोन दात घालून सांगतील. रस्त्यावर दुकानं उघडत होती, कोणी पायऱ्या धूत होतं, कोणी शटरला तेल घालत होतं. मला इतकं बोलायचं होतं की एकही वाक्य धड सुटेना. शेवटी मी विचारलं. विचारणारच नव्हते, पण मी ही अशी आहे हल्ली, काय करणार.

"बाबा, तुम्ही मला विचारायचात ना, हे बघ, ते बघ. ते तुम्हाला लागायचं नाही म्हणून?"

त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं, का ते माहीत नाही. "पहिल्यांदा, हो," ते म्हणाले. "त्या चाकाच्या वेळी. मी दहा वेळा फिरवलं होतं ते, आणि मला घाम फुटला होता. म्हटलं, पोरीला विचारू, पोरीला काय कळणार, पण कोणाला तरी विचारू."

"आणि नंतर?"

"नंतर तू म्हणालीस, एका जागी श्वास घेतंय." ते चालता चालता थांबले. "पंचवीस वर्षं मी चाकं फिरवतोय गं. अडतं म्हणायचो, खडखडतं म्हणायचो. श्वास घेतं हे मला कधी सुचलं नाही, बोटं होती तेव्हासुद्धा. मग मी तुला सारखा बोलवायला लागलो. अर्ध्या वेळेला तर मला यंत्रावरून किंवा भिंगातून आधीच कळलेलं असायचं. तरी बोलवायचो. म्हटलं, बघू आता काय म्हणते."

मोठा रस्ता आला. सिग्नल लाल होता, आमच्या मागे माणसं गोळा होत होती. मी सवयीनं त्यांचा हात धरला, आणि धरल्यावर कळलं की यांना हे कळत नसणार. खाली बघितल्याशिवाय कळणार नाही. "लागतंय?" मी विचारलं. त्यांनी समोर बघत मान हलवली, नाही. मी तळव्यावर दाबलं. "आता?" नाही. मनगटाच्या घडीवर. नाही. मागचा एक माणूस आमच्याकडे बघत होता, बघू दे. मी बाही जराशी वर सारली आणि मनगटाच्या वर, जिथे शीर निळी दिसते आणि केस सुरू होतात, तिथे दोन बोटं ठेवली. बाबांचा हात किंचित हलला.

"इथे," ते म्हणाले. "इथे आहेस."

सिग्नल हिरवा झाला. मी तिथे घट्ट धरून त्यांना पलीकडे नेलं.